रंगनाथ फिटरचा टकटक्या

बहात्तर सालच्या दुष्काळात उसाची चिपाडं झाली, श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि रंगनाथ फिटर शेवगाव तालुक्यातल्या आपल्या मुरमाच्या वाडीला परत आला. एस.टी.च्या टपावरून त्याची ट्रंक उतरवताना कंडक्टर घामाघूम झाला. म्हणाला, "पाव्हनं, सासऱ्याचं घर उचकटून आनलं काय?"

ट्रंकेत कपडे थोडे होते. बाकी पाने, स्पॅनर, रबराचे तुकडे आणि आक्काबाईच्या जुन्या लुगड्यात बाळासारखा गुंडाळलेला एक पितळी व्हॉल्व्ह. आक्काबाई म्हणजे रंगनाथची बायको. तिनं घरी येऊन लुगडं उलगडलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं, लोक दुष्काळात दाना आनत्यात, तुमी पितळंचा गनपती आनला!"

"भंगारात निघाला हुता. साहेबांनी दिला. नुसती कॉईल जळालीय त्याची."

"मंग त्याच्याच भाकरी थापते."

तिचं बोलणं असं असायचं, पण मन तसं नव्हतं. तिनंही ट्रंकेच्या कोपऱ्यात, कारखान्याच्या वसाहतीत साठवलेले ओंजळभर आंबेमोहोर तांदूळ एका डब्यात लपवून आणले होते. वाडीत तेव्हा घरोघर मिलोच्या, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी चालल्या होत्या. त्या गरम असताना रबर आणि गार झाल्यावर पत्रा. अशा गावात पांढरा तांदूळ म्हणजे सोनंच. ते सोनं काही तिनं शिजवलं नाही. देवाच्या कामाला लागेल म्हणून ठेवून दिलं.

रंगनाथला आईबाप आठवत नव्हते. त्याला वाढवलं ते मालनकाकूनं, त्याच्या चुलतीनं. ती आता कमरेत वाकली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि पाय असे सुजले होते की उंबऱ्यापासून चावडीपर्यंत जायलाही तिला वाटेत दोनदा बसावं लागे. रंगनाथ परत आला याचा आनंद साऱ्या वाडीत फक्त तिला झाला. "माजा रंगा साखर करतो," असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. आता म्हणू लागली, "माजा रंगा आला, आता पानी करंल."

म्हातारीच्या तोंडून निघालं आणि रंगनाथच्या मनात ते घर करून बसलं.

वाडीला दुष्काळी कामातून टेकडावर नवी टाकी बांधून मिळाली होती. खाली बोअर, बोअरवर विजेची मोटर. टाकीतून एक पाइप टेकड उतरून गावात यायचा आणि वेशीच्या आतल्या बाजूला, चावडीसमोर, त्याला ओळीनं तोंडं काढलेली. तोट्या बसवल्या होत्या, पण पहिल्याच आठवड्यात त्या कुणाकुणाच्या घरी गेल्या ते त्यांनाच ठाऊक. त्यामुळे पाइपावरचा चाकाचा व्हॉल्व्ह उघडला की सगळी तोंडं एकदम वाहायची. चाक गोल गोल फिरवत बंद करायला वेळ लागे, तोवर हंडेच्या हंडे पाणी मुरमात जाई. त्यात ज्याच्या हातात चाक तो राजा. एकदा तर चाकावरून मारामारी होऊन एकाचा दात पडला, आणि तो दात शोधायला पुन्हा तेवढीच माणसं.

रंगनाथ सरपंचाकडे गेला. सरपंच सहादेव जुना पहिलवान, कान मोडलेले, मान रांजणाच्या गळ्यासारखी. त्यानं पितळी व्हॉल्व्ह तळहातावर तोलला आणि हसला.

"रंगा, ही टाचनीएवढी सळई आन् हा चहाच्या कपाएवढा मॅग्नेट. टेकडावरून येनारं पानी हा अडवनार? आरं, तेवढ्यात माजी म्हस बी अडत न्हाई."

"मॅग्नेट पानी अडवत न्हाई, सरपंच. पानीच पान्याला अडवतं."

"आता साखर डोक्यात गेली तुज्या."

"तुमी कुस्ती केलीय ना? मंग ऐका." रंगनाथनं त्याच्यासमोर व्हॉल्व्ह खोलला. आत पापडासारखी रबराची चकती होती. "हे रबर म्हंजे दार. खालून पानी ढकलतंय, तो खालचा पहिलवान. ह्या रबराला हे बगा सुईएवढं भोक हाय. त्यातून थोडं पानी वर जाऊन बसतं. तो वरचा पहिलवान. दोघांचा जोर सारखा, पन वरच्याची छाती रुंद. रबर वरून सगळं दाबलं जातं, खालून निम्मंच. म्हनून वरचा दाबून धरतो, दार बंद."

"बरं. आन् उघडतं कसं?"

"वरच्या खोलीला बाहेर जायाची एक बारकी वाट हाय. तिच्यावर ही सळई टेकलेली. बटन दाबलं की मॅग्नेट सळई वर उचलतो, टक् करून. वरचं पानी त्या वाटंनं पळून जातं. सुईच्या भोकातून जेवढं येतं त्याच्यापेक्षा जास्त पळतं. वरच्याचा पाय कुनी ओढल्यावानी. मंग खालचा उसळतो आन् दार उघडतं. बटन बंद केलं की सळई पडते, सुईच्या भोकातून वरची खोली पुन्हा भरते, वरचा पुन्हा छातीवर बसतो."

सहादेवनं मोडक्या कानाला हात लावला. कुस्तीतलं सांगितलं की त्याला वेदही कळले असते.

"म्हंजे जोर पान्याचा, मॅग्नेट नुसता पाय ओढनारा चहाडखोर."

"आस्सं! मॅग्नेटनंच दार उचलायचं म्हटलं तर तो रांजनाएवढा लागंल आन् वीज ढोसंल ती येगळीच."

कारखान्यात रंगनाथची सारी हयात अशाच व्हॉल्व्हांच्या सोबतीत गेली होती. तिथं जाळीच्या मोठाल्या पिंपांत साखर गरगर फिरवतात, मळी जाळीतून बाहेर उडते, मग साखरेवर पाण्याचा फवारा मारून ती पांढरी करतात. फवारा क्षणभरच हवा. जरा लांबला की साखर विरघळून मळीबरोबर गटारात. माणसाचा हात तेवढा चलाख नसतो, म्हणून तिथं हे टक् टक् वाजणारे व्हॉल्व्ह; कामगार त्यांना टकटके म्हणायचे. वाफेच्या नळावर तेच, पाण्याच्या नळावर तेच. शेवगावातला मोटरी गुंडाळणारा गनीभाई तर सांगायचा की बर्फाच्या कारखान्यात, मुंबईच्या कापड रंगवायच्या गिरणीत, जिथं म्हणून नळ आहे आणि माणसाला सतत उभं राहणं परवडत नाही, तिथं हा टकटक्या आहेच.

जळालेली कॉईल, म्हणजे मॅग्नेटची तार, गनीभाईनंच नव्यानं गुंडाळून दिली. देताना म्हणाला, "रंगनाथभाऊ, हा उलटा पाइपात बसवू नका, आन् ह्याच्या आधी जाळी लावल्याबिगर ह्याला पानी पाजू नका. ह्याचा गळा सुईएवढा हाय. हत्ती मरतो तो मुंगीनं."

"कारखान्यात जन्म गेला माजा, गनीभाई."

"म्हनून तर सांगतो. जानत्याला सांगावं लागतं, अजानता इचारतो तरी."

सरपंचाला वाटत होतं टकटक्या टाकीला लागूनच बसवावा. रंगनाथ म्हणाला, वर पाण्याला जोर नाही, खालच्या पहिलवानाला दम हवा. मग टेकडाच्या पायथ्याशी खड्डा खणून तो बसवला. आधी जाळी, मग टकटक्या. शेजारी खांबावर पत्र्याची पेटी, पेटीत बटन, पेटीला कुलूप, किल्ली रंगनाथच्या करगोट्याला. पहिल्या दिवशी बटन दाबलं, टक् झालं आणि वेशीपलीकडून बायकांचा गलका आला. बटन बंद केलं, टक् झालं, दोन श्वासांत गलका शिव्यांवर गेला. म्हणजे पाणी थांबलं.

वीज गेली तरी टकटक्या आपला बंदच राहायचा. त्यामुळे गळती संपली, चाकावरच्या मारामाऱ्या संपल्या. रंगनाथची एक सवय होती. बटन बंद केलं की तो खड्ड्यात उतरायचा आणि पाइपावर तळहात ठेवून बसायचा. पाइपाची थरथर मेली की मगच उठायचा. लोक टिंगल करायचे, "फिटर, नाडी लागती का?"

तो म्हणायचा, "टक् म्हंजे नुसती सळई. दार लागलं का न्हाई ते पाइप सांगतो."

चैत्र सरला आणि बोअरला धाप लागली. मोटर पाण्याबरोबर वारा ओढू लागली. पाण्यातून मुरमाची कच यायला लागली. जाळी भरायची, धार बारीक व्हायची. रंगनाथ जाळी धुवायचा, ती परत भरायची. शेवटी जाळीच फाटली. नवी आणायची तर शेवगावातही नव्हती, नगरला सांगून ठेवावी लागणार होती. तोवर त्यानं फाटकी जाळी काढून टाकली. कच खाली बसतेय, पाणी वरचं येतंय, चालेल आठवडाभर, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मग एके दिवशी चावडीवर बैठक बसली. सहादेव उभा राहिला.

"बोअर संपला. टँकर पुढच्या बाजाराच्या दिशी देतो म्हनलेत. तोवर टाकीत हाय तेवढंच. माजं म्हननं, उद्याच निघावं. पैठनच्या धरनाच्या कामावर पानी हाय, झोपड्या हायती."

"आन् ज्यांना चालवत न्हाई त्यांनी?" रंगनाथनं विचारलं. त्याच्या डोळ्यांसमोर मालनकाकूचे पाय होते. बैल केव्हाच चारा-छावणीला गेले होते, गाडी ओढायला गावात कुणी नव्हतं.



"टाकी काठोकाठ भरलीय," रंगनाथ म्हणाला. "सकाळी एकदाच पानी सोडू. मान्सी एक हंडा. माज्या टकटक्यातून थेंब वाया जायाचा न्हाई. टँकर येईपत्तुर टाकी पुरली तर गाव ऱ्हाईल. न्हाई पुरली तर तुमी म्हनाल तसं."

सहादेवनं बराच वेळ मान हलवली. "तुज्या भरवशावर गाव ठेवतो, फिटर."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. बायकांनी ठरवलं, पाण्याची ओटी भरायची. शेवटचं पाणी आहे, रुसून जायला नको. सगळ्या टाकीवर चढल्या. मालनकाकूला चढवेना, तिनं खालूनच हळदीकुंकवाची पुडी वर पाठवली. गावात तांदूळ कुणाकडे होते? अक्षता ज्वारीच्याच करायच्या ठरल्या, पण ज्वारीही कुठं शिल्लक होती? तेव्हा आक्काबाईनं घरी जाऊन तो डबा आणला.

रंगनाथ पायथ्याशी उभा होता. वर तोंड करून ओरडला, "नारळ आत टाकू नगा! पाइपात अडकंल!"

"ऐकलं गं बायांनो? नारळ नगो म्हनतोय," वरून हसण्याचा आवाज आला. नारळ बाहेर फोडला, ओंजळभर अक्षता आत गेल्या. आक्काबाईनं मनात म्हटलं असेल, माझ्या माणसाच्या यंत्राला यश दे. खाली उतरली तेव्हा तिचं तोंड असं खुललं होतं, की कारखान्याच्या पहिल्या वर्षानंतर रंगनाथनं ते तसं पाहिलं नव्हतं.

पुढच्या सकाळी त्यानं पाणी सोडलं. टक्. बायकांनी आपापला हंडा भरला आणि पदर खोचून धावत सुटल्या, कारण टेकडापलीकडच्या पाझर तलावाच्या कामावर त्या दिवशी नवा मुकादम येणार होता आणि उशीर करणाऱ्याला परत पाठवणार होता. गावात उरले तान्ही पोरं सांभाळणारे आणि न चालवणारे. रंगनाथनं बटन बंद केलं. टक्. तो खड्ड्यात एक पाय टाकतोय तोच वरच्या पायवाटेवरून आक्काबाई ओरडली,

"अवं चला की! तेनं हजेरी उरकली म्हंजे दिवस वाया!"

टक् तर ऐकू आलं होतं. त्यानं पाय बाहेर काढला, पेटीला कुलूप घातलं आणि तिच्यामागं टेकड चढला.

दिवसभर तो माती वाहत होता. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाताना सहादेवनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुजा चहाडखोर लई इमानी निघाला बरं का!" रंगनाथ लाजला. त्या दिवशी त्याला काहीच जड लागलं नाही.

उन्हं कलताना माणसं टेकडावरून खाली उतरू लागली आणि सगळ्यात पुढची बाई थबकली. वेशीतून ओहोळ वाहिल्याची खूण खाली ओढ्यापर्यंत गेलेली. चावडीसमोर चिखल, चिखलात गावभरची कुत्री लोळलेली, चिमण्या अंग फुलवून बसलेल्या. आणि त्या चिखलाच्या मधोमध मालनकाकू, सुजलेले पाय पसरून, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, तोंडभर हसत.

"आलासा व्हय रं? आरं काय पानी, काय पानी! सकाळधरनं थांबलंच न्हाई! आत्ता आत्ता बारीक झालं बग. म्या पाय धुतलं, शेळ्यांनी पिलं, शेजारच्या पोरीनं तान्ह्याला न्हाऊ घातलं. काल ओटी भरली न्हवं? देवी पावली!"

सहादेव चिखल तुडवत तिच्यापाशी गेला. "म्हातारे, कुनाला सांगितलं का न्हाई तू?"

"काय सांगायचं? देनाऱ्या देवाला थांब म्हनायचं व्हय?"

रंगनाथ टाकीकडे पळाला. शिडी चढून त्यानं आत डोकावलं. तळाशी ओली कच होती, तिच्यावर कुंकवाचा लाल डाग. तसाच खाली येऊन खड्ड्यात उतरला आणि टकटक्या खोलला. हात सवयीनं चालत होते, हातांना काही कळलं नव्हतं. चकती बाहेर काढून त्यानं मावळत्या उजेडासमोर धरली. सुईएवढ्या भोकातून उजेड यायला हवा होता. आला नाही. भोकात एक दाणा बसला होता, पाण्यानं फुगलेला, घट्ट, कडेला किंचित लाल. सळई इमानानं पडली होती. पण वरच्या पहिलवानाला पाणी देणारी वाटच बुजली, तो बसणार कसा? दार उघडं ते उघडंच.

गावात तांदूळ एकाच घरी होते.

"काय घावलं?" खड्ड्याच्या काठावर सहादेव उभा होता, त्याच्यामागं सारं गाव, आणि गावाच्या मागं, पदराचा बोळा तोंडाशी धरून, आक्काबाई.

रंगनाथनं चकती तोंडाशी नेली, जशी फुंकर मारायला नेतात तशी. दाणा दातांनी ओढून गिळला.

"मुरमाची कच," तो म्हणाला. "जाळी काढली हुती म्या. पाइपाला हात बी लावला न्हाई आज. माजी चूक हाय."

हे तर खरंच होतं. म्हणून ते सगळ्यांना पटलं.

सहादेव शिवी देईल असं वाटलं होतं. त्यानं दिली नाही. नुसता म्हणाला, "सकाळी निघायचं," आणि वळला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सकाळी वाडी उठली. मालनकाकूला बाजेवर बसवून चौघांनी आळीपाळीनं खांद्यावर घेतलं. रंगनाथनं आपला खांदा बदलू दिला नाही. उन्हानं बाजेच्या दोऱ्या तापल्या, रस्त्यात सावली नावाला नव्हती. म्हातारी मात्र वाटभर बोलत होती. "रंगा, काल पानी काय आलं हुतं रं! तू केलंस ना ते? मला ठावं हाय. तू साखर करायचास, मंग पानी का न्हाई करनार?"

"व्हय, काकू. म्याच केलं."

धरणावरच्या झोपडीत ती फार दिवस काढू शकली नाही. तापात होती. शेवटी शेवटी तिला गावाचंही भान नव्हतं, पण पाय हलवायची, पाण्यात हलवावे तसे. आक्काबाई तिच्या पायांशी बसून राहायची.

पाऊस झाल्यावर काही घरं वाडीला परत आली, काही धरणाकडंच राहिली. बोअरला पाणी पुन्हा लागलं नाही. कारखाना सुरू झाला तेव्हा रंगनाथच्या जागेवर दुसरा माणूस होता. तो वाडीतच राहिला, कुणाच्या मोटरी दुरुस्त कर, कुणाचा पंप. सकाळी मात्र टेकडाच्या पायथ्याशी जायचा. पेटीचं कुलूप काढायचा, बटन दाबायचा. टक्. सळई उचलली जायची, आणि पुढं काही नाही. खाली पहिलवानच नव्हता. मग खड्ड्यात उतरून कोरड्या पाइपावर तळहात ठेवून बसायचा, थरथर थांबायची वाट पाहत असल्यासारखा. पुढं टेकडावरची वीजच तोडली, तरी जायचा. टिंगल करणारे आता काही बोलत नसत. सहादेव तिकडून गेला तर वाट वाकडी करून जायचा.

दाण्याची गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही, आक्काबाईलाही नाही. तीही कधी विचारायला गेली नाही. तो गेला तेव्हा गावाला एवढंच ठाऊक होतं, की रंगा फिटरनं जाळी काढली आणि गाव उठलं.

आक्काबाई त्याच्यामागं बरीच वर्षं जगली. दुष्काळ विसरला गेला, रेशनचा तांदूळ घरोघर आला. लग्नाकार्यात अक्षता वाटताना ताट तिच्यापुढं आलं की ती हात मागं घ्यायची आणि कनवटीची पुरचुंडी सोडून ज्वारी काढायची. एकदा एका नव्या सुनेनं हसून विचारलं, "आजी, आता तांदूळ हायती की घरात. ज्वारी कशापायी?"

आक्काबाईनं ज्वारीचे दाणे तळहातावर पसरले, एक दाणा बोटानं गोल फिरवला.

"ही मोठी असती, बाळ," ती म्हणाली. "कुटं जाऊन बसत न्हाई."